सी, लुक, वॉच आणि आपलं 'पाहणे'

प्रश्न असा आहे : डोंगर 'सी', चित्र 'लुक ॲट', टीव्ही 'वॉच'. आपल्याकडे तिन्हींना 'पाहणे' चालतं, मग इंग्रजीत तीन क्रियापदं कशाला?

चालतं खरं, पण 'मला डोंगर दिसला' आणि 'मी डोंगराकडे पाहिलं' यांत आपणही फरक करतोच की. पहिल्यात माझे कष्ट शून्य. डोळे उघडे होते, डोंगर समोर आला. हे 'सी'. दुसऱ्यात मी मान वळवली. हे 'लुक'. म्हणून 'पाहिलं, पण काही दिसलं नाही' याचं इंग्रजी 'आय लुक्ड, बट आय कुडन्ट सी एनीथिंग'.

'लुक'ला 'ॲट' लागतं, जसं आपलं 'कडे'. ते गळलं की पाहणाराच दिसायला लागतो : 'यू लुक टायर्ड', तू दमलेला दिसतोस. इथे मराठीत पुन्हा 'दिसणे' आलं, पण इंग्रजीत 'सी' नाही. आपली गडबड होते ती इथेच.

'वॉच'मध्ये समोरचं काहीतरी हलत, बदलत असतं. क्रिकेटचा सामना, खेळणारं पोर, गॅसवरचं दूध. चित्र 'वॉच' करतो म्हणालात तर ऐकणारा चित्र हलायची वाट पाहील. हा शब्द 'वेक'चा सख्खा भाऊ. मूळ अर्थ जागं राहणं. शेतात रात्री जागल करणारा आपला जागल्या आठवा, जागणं हीच त्याची राखण. जहाजावरच्या साधारण चार तासांच्या पाळीलाही 'वॉच'च म्हणतात, आणि आपला 'पहारा' आलाय तीन तासांच्या प्रहरावरून!

सिनेमा थिएटरात 'सी' आणि घरी 'वॉच' असा कल आहे, पण तो काही नियम नव्हे.

'सीइंग' मात्र जपून. नुसतं नजरेला पडण्याच्या अर्थी 'सी' सहसा चालू काळात जात नाही, तिथे 'आय कॅन सी' म्हणायचं. मी एकदा परदेशातल्या सहकाऱ्याशी फोनवर बोलताना खिडकीतून शेजारी दिसला म्हणून 'आय ॲम सीइंग माय नेबर' म्हणून गेलो. पलीकडे क्षणभर शांतता, मग अभिनंदन. आमचं जुळलंय असा त्याचा समज झाला. शेजाऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही.