अखाजीला रजा न मिळालेल्या भाऊस

चि. भाऊस,
आप्पाचे आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज पडलेला वाटला. अखाजीला, आपल्या अक्षय्य तृतीयेला, रजा मागितलीस आणि सुबेदार साहेब 'देखेंगे' म्हणाले. तोफखान्यात सतरा वर्षं काढली मी. 'देखेंगे' म्हणजे नाही. पुन्हा विचारायला जाऊ नकोस.

आमच्या वेळी वर्षाला 60 दिवस वार्षिक रजा, वर 30 दिवस किरकोळ. तुम्हा अग्निवीरांना, 2022 ची योजना आली तेव्हापासून, वर्षाचे 30. आजारपणाचं वेगळं. म्हणजे चार वर्षांचे मिळून 120 दिवस, आणि ते कुठे खर्चायचे हे तुला ठरवायचंय. माझं ऐकशील तर सणाला रजा मागूच नकोस, मृगाला माग. सणाला अख्खी बॅटरी, म्हणजे सगळी तुकडीच, अर्ज घेऊन उभी असते. आणि अखाजीला घर भरलेलं असतं रे, बहिणी माहेरी आलेल्या, कडुनिंबाला झोका, तुझ्यावाचून काही अडत नाही. कपाशी लावताना मात्र तुझ्या बापाला दोन हात कमी पडतात. दरसाल बांधावरून बघतो मी. तो तुला सांगायचा नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो, मिरवण्यासारखी नाही. तेव्हा तारा होत्या (2013 मध्ये बंद झाल्या, तुझ्या पिढीला कशा ठाऊक असणार). अखाजीसाठी मी गावातल्या दोस्ताकडून तार करवली, आई सिरियस, लवकर ये. रजा मिळाली. झेलम एक्सप्रेसने भुसावळ, पुढे एसटी, भरदुपारी दारात. आई चुलीपुढे मांडे करत होती. पोळी हातावर लांबवत होती, ती तशीच धरून माझ्याकडे बघून हसली. तारेची गंमत मीच फुशारकीने सांगितली. तिने मांडा खापरावर टाकला, शेकू दिला, उतरवला, मग विचारलं, "कव्हय आजारी व्हती रे मी?" पुढचे आठ दिवस कामापुरतंच बोलली. परत गेल्यावर साहेबांनी 'माँ कैसी है' विचारलं तेव्हा मान वर करवेना. दोन वर्षांनी खरी तार आली. तेच कारण घेऊन पुन्हा त्याच साहेबांसमोर जायची लाज वाटली आणि एक अख्खी रात्र तो कागद हातात घेऊन खाटेवर बसून राहिलो. आई वाचली, माझं नशीब.

सणाच्या दिवशी बराकीत रिकामा मात्र बसू नकोस. गार्ड मागून घे. दोन तास पहारा, चार तास आराम, त्या फेऱ्यांत दिवस सरतो. आणि ज्याच्या बदली उभा राहशील तो तुझ्या अडीनडीला नाही म्हणत नाही. गार्ड नसेल तर बूट काढ. कापड बोटाला घट्ट गुंडाळायचं, पॉलिश नखाएवढंच, वर पाण्याचा एक थेंब, आणि टोकावर लहान लहान गोल फिरवत राहायचं. घाईने रगडलंस तर धुरकट होतं. टोकात तुझं नाक दिसायला लागेपर्यंत घरची घागर पुजून झालेली असते, तेव्हा फोन कर. पूजा चालू असताना नको, आई फोन धरून बसते आणि सगळं खोळंबतं.

लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, ओळख ठेव. एका अखाजीला आमच्या गढवाली लंगरीने मला मैदा, डाळ, गूळ दिला. खापर कुठलं, घमेलं उलटं टाकलं शेगडीवर. पहिला मांडा फाटला, दुसरा जळाला. तिसरा बरा निघाला, आमरसाऐवजी कंडेन्स मिल्कच्या डब्यात बुडवून दहा जणांनी खाल्ला. म्हणून सांगतो, रजेवरून जाताना ट्रंकेत पेढे नेऊ नकोस, ते पहिल्याच रात्री संपतात. कळण्याचं पीठ ने, तेलात परतलेला ठेचा ने. पंधरा दिवस सगळी बराक तुला विचारते.

मृगात येऊन गेलास की श्रावणात कानबाईच्या सणाला नसशील, हे खरं. पण आपल्याकडे रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ पडतात. माणूस गावात असो नाहीतर सरहद्दीवर, त्याची मूठ चुकत नाही. माझीही कधी चुकली नाही. तुझी तुझी आई टाकेल.

जूनचा अर्ज याच आठवड्यात टाक. कारण शेतीकाम असंच लिही, खरं आहे ते. टाकलास की मला कळव. तुझ्या बापाला मी आत्ताच काही बोलत नाही.

तुझा,
आप्पा