जुन्या ओम्नीच्या वायपर मोटरचा आवाज येतो पण ब्लेड हलत नाहीत, मोटर बदलू का?

भाऊ, तुम्ही लिहिलं की २००६ ची ओम्नी आहे, वायपर लावला की घुर्र आवाज येतो पण ब्लेड जागचे हलत नाहीत, कधी हलले तर मधेच काचेवर उभे राहतात आणि पाच-दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा चालू होतात, आणि मेकॅनिक म्हणतो मोटर गेली. माझं ऐका, मोटर आत्ताच घेऊ नका. आवाज येऊन राहिला म्हणजे मोटर फिरून राहिली, तिची ताकद ब्लेडपर्यंत पोचून नाही राहिली एवढंच.

मी नागपुरात अकरा वर्षांपासून स्कूल व्हॅन चालवतो, माझीही जुनी ओम्नीच. एका जुलैत वर्धा रोडवर छत्रपती चौकाच्या अलीकडे मागे सात पोरं बसलेली आणि धो धो पावसात वायपर अर्ध्यावर थांबला. समोरचं काही म्हणजे काही दिसेना. गाडी कडेला घेतली, पाऊस ओसरेपर्यंत तिथेच उभा राहिलो, एकेकाच्या आईबाबांचा फोन येऊन राहिला. मग सांगितल्याप्रमाणे मोटर बदलली, आणि दोन महिन्यांत नवी मोटरही तशीच थांबायला लागली. तेव्हा मी स्वतः उघडून पाहिलं, म्हणून सांगतो.

आधी हे करा. वायपर आर्मच्या मुळाशी प्लास्टिकचं झाकण असतं ते काढा, खाली नट दिसेल. कोणाला तरी आत बसवून वायपर लावायला सांगा आणि त्या नटाकडे बघत राहा. नट आणि त्याखालचा स्पिंडल, म्हणजे आर्म ज्यावर बसतो तो दांडा, फिरतो पण आर्म फिरत नाही, तर नट ढिला आहे किंवा आर्मच्या आतले दाते घासले. स्पिंडल लोखंडाचा आणि आर्मचं डोकं बहुतेक नरम धातूचं, म्हणून दाते आर्मचेच जातात. नट घट्ट करून बघा, तरी सटकला तर फक्त आर्म बदला, मोटरशी त्याचा संबंध नाही. एकच स्पिंडल फिरत असेल तर दुसऱ्याचा लिंक, म्हणजे मोटरची ताकद स्पिंडलपर्यंत नेणारी पट्टी, सुटला. दोन्ही फिरत नसतील आणि मोटर घुरघुरत असेल तर मोटरच्या शाफ्टवरचा क्रँक (लिंकला हलवणारा छोटा तुकडा) ढिला आहे किंवा मोटरजवळचा लिंक बॉलवरून निघाला.

लिंकच्या टोकाला नायलॉनचा बुश असतो, त्यात गोल बॉल बसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गाडी दुपारभर उन्हात, आतलं ग्रीस वाळून जातं आणि बुश कडक होतो. माझा काढला तेव्हा हातातच खारीसारखा चुरा झाला, पिवळा पडलेला, एका बाजूने चंद्रकोरीएवढा उरला होता. नवा बुश बसवायच्या आधी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, नरम होतो आणि बॉलवर अंगठ्याने दाबला की टक् करून बसतो, हातोडी मारू नका. पावसात रस्त्यात अडकले तर केबल टायने किंवा तांब्याच्या तारेने लिंक बॉलवर बांधून घरापर्यंत येता येतं, पण तेवढ्यापुरतंच.

आता मधेच थांबण्याबद्दल, हे जास्त महत्त्वाचं आहे. स्पिंडल जाम असला की मोटरला जोर लागतो, ती तापते, आणि बऱ्याच मोटरमध्ये जास्त तापल्यावर करंट तोडणारा कट-आऊट असतो, थंड झाली की पुन्हा चालू. म्हणजे तुमचं पाच-दहा मिनिटांचं प्रकरण. लिंक मोटरपासून वेगळा करा आणि दोन्ही आर्म हाताने फिरवून बघा, हलकेच फिरले पाहिजेत. माझ्या ड्रायव्हरकडचा स्पिंडल पान्याशिवाय हलेना, गंजून बसला होता. रॉकेल टाकून रात्रभर ठेवला, बाहेर काढला, पॉलिश पेपरने घासला, नवीन ग्रीस लावलं, आणि तीच मोटर, जी सगळे जण गेली म्हणत होते, आजही चालून राहिली. लिंक काढल्यावर मोटर एकटी चालवून बघा, एकसारखी न अडखळता फिरली तर पैसे वाचले समजा.

लिंक मोकळा, मोटर चांगली, तरी बटण बंद केल्यावर ब्लेड खाली न येता जिथल्या तिथे थांबतात, तर पार्किंग कॉन्टॅक्ट खराब. मोटरच्या गिअरच्या झाकणाखाली तांब्याची पट्टी असते, बटण बंद केलं तरी ब्लेड खाली येईपर्यंत मोटरला करंट तिथून मिळतो. काळी पडली असेल तर बारीक पेपरने हलकेच साफ करा. आणि हेडलाईट लावल्यावर वायपर मंद होत असेल तर मोटरच्या बॉडीपासून चेसिसला एक जाडी वायर लावून बघा, वेग वाढला तर अर्थिंग गेलंय. फ्यूज उडत असेल तर जेवढ्या अँपिअरचा लिहिलाय तेवढाच टाका, चांदीचा कागद गुंडाळून तर अजिबात नाही, वायरिंग जळतं.

आर्म काढण्याआधी काचेवर ब्लेड जिथे टेकतो तिथे टेपने खूण करा, आणि परत बसवताना मोटर एकदा चालवून बंद करा म्हणजे ती पार्किंगला येईल, मगच आर्म बसवा, नाहीतर ब्लेड काचेच्या फ्रेमवर आपटतात. ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत बनली, त्यामुळे बुश, स्पिंडल, आर्म अजून मिळतात, जुना पार्ट हातात घेऊनच दुकानात जा. रबर मात्र दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलाच, उन्हाळ्यात ते कडक होऊन फडफडतं.

आणि लिंकमध्ये हात घालायच्या आधी बॅटरीचा मायनस काढून ठेवा, चावी पोराच्या हातात असली तर नक्की काढा, त्या मोटरमध्ये बोट चेपायची ताकद असते.