मळ्यात नेट नसताना फीड रीडर कोणता?

रामराम भाऊ. रावेरहून तुम्ही विचारलंय: अहिराणी ब्लॉग, केळीवरचे लेख आणि काही यूट्यूब चॅनल असे 25 पत्ते रोज एकेक उघडून बघता, मळ्यात नेट नसतं, मग फीड रीडर, म्हणजे सगळ्या साइटींवरचं नवं लिखाण एकाच जागी आणणारं अ‍ॅप, घ्यावा का आणि कोणता?

घ्या. पण आधी हे बघा की तुमचा फोन किती दिवस नेटशिवाय राहतो. फीड म्हणजे साइट स्वतः देते ती नव्या लिखाणाची यादी. तिच्यात सगळं जुनं लिखाण नसतं, शेवटचं थोडंच असतं. वर्डप्रेसवरचा ब्लॉग मुळात 10 लेख देतो, ब्लॉगरवरचा 25, यूट्यूब 15 व्हिडिओ. कापणीच्या धांदलीत पंधरवडाभर फोनला नेट मिळालं नाही आणि एखाद्या चॅनलने तेवढ्यात 20 व्हिडिओ टाकले, तर फोनवरच्या रीडरला पहिले 5 दिसणारच नाहीत. फीडली किंवा इनोरीडर या ऑनलाइन रीडरचा सर्व्हर तुमच्या माघारी फीड आणत राहतो, तिथे हे व्हिडिओ निसटत नाहीत. पण ते वाचायला बहुधा नेट हवं.

घरी वायफाय असेल तर अँड्रॉइडवर 'फीडर' टाका. फुकट आहे, खातं काढावं लागत नाही. साइटचा पत्ता चिकटवला की फीड बहुधा तोच शोधतो. नाही सापडलं तर वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहा. यूट्यूबसाठी चॅनलच्या पानाचा पत्ता द्या, एखाद्या व्हिडिओचा नको.

काही ब्लॉग फीडमध्ये दोन ओळींचा सारांशच सोडतात. त्या फीडच्या सेटिंगमध्ये पूर्ण लेख आणायचा पर्याय चालू करा. लेख घरीच उतरतो, मळ्यात वाचता येतो. व्हिडिओ मात्र असा उतरत नाही.

दोन दिवस काहीच नवं आलं नाही तर साइटला दोष देण्याआधी फोनची बॅटरी बचत बघा. ती अ‍ॅपला मागे चालूच देत नाही. फीडरला त्यातून सूट द्या.

बातम्यांच्या साइटींना वेगळा टॅग द्या, नाहीतर महिन्यातून एकदा येणारी अहिराणी पोस्ट त्या गर्दीत गडप होते. यादीची ओपीएमएल फाइलही काढून ठेवा, तिच्यात तुमच्या सगळ्या फीडचे पत्ते असतात. 1 जुलै 2013 ला गूगल रीडर बंद झाला, तेव्हा हीच फाइल घेऊन लोक दुसरीकडे गेले.

आणि केळीचे भाव यात शोधू नका, भो. भावाचा तक्ता त्याच पानावर बदलतो, नवी पोस्ट पडत नाही, मग फीडला कळणार कसं? ते पान बुकमार्कच करा.