वाचक विचारतात : अपडेट केलं आणि सोबत भलतंच बसलं

या वेळी नागपूरच्या वाचकांकडून एकाच विषयावर इतकी पत्रं आलीत की सगळी जागा त्यालाच दिलीये.

प्रश्न : मी घरूनच दोन-तीन दुकानांचे हिशोब आणि जीएसटीची कामं करते. मागच्या आठवड्यात पीडीएफ उघडायच्या एका फुकट प्रोग्रामने अपडेट मागितलं, रिटर्नची घाई होती म्हणून मी नेक्स्ट नेक्स्ट करत गेली. आता ब्राउझर उघडला की वेगळंच सर्च पेज येऊन राहिलं आणि कोपऱ्यात एक अँटिव्हायरस सारखा म्हणून राहिला की कॉम्प्युटर धोक्यात आहे, पैसे भरा. मी तर तो टाकलाच नव्हता! मुलगा म्हणतो आई, सगळे अपडेटच बंद करून टाक, झंझटच नको. करू का?
— एक वाचिका, त्रिमूर्ती नगर

उत्तर : ताई, अपडेट बंद करू नका. मुलाचा राग बरोबर आहे पण उपाय चुकीचा आहे, आणि मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात जास्त चीड याचीच येते, की दोन पैशांसाठी असल्या कंपन्या लोकांना अपडेटचीच भीती घालून ठेवतात.

भीतीपोटी अपडेट थांबवलं की काय होतं ते २०१७ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं होतं आणि १२ मे ला वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस त्याच भोकातून शिरला, दीडशेच्या आसपास देशांत पसरला, ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांना पेशंट परत पाठवावे लागले. ज्यांनी मार्चचं अपडेट घेतलं होतं त्यांच्याकडे त्याला त्या भोकातून शिरता आलं नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर तर दुसऱ्यांचे हिशोब आहेत, म्हणून जास्तच जोर देऊन सांगतोय.

आता तुमच्याकडे जे झालं त्यामागे सरळ धंदा आहे. फुकट प्रोग्रामवाल्याला दुसरी कंपनी आपलं सॉफ्टवेअर सोबत बसवायचे दर इन्स्टॉलमागे पैसे देते. गुगल आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हा बाजार तपासला तेव्हा एका इन्स्टॉलचा भाव १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत निघाला, आणि असल्या जोडसामानाच्या डाउनलोडचे प्रयत्न आठवड्याला ६ कोटींच्या वर होत होते, म्हणजे व्हायरस-मालवेअरच्या जवळपास तिप्पट. त्यामुळे 'हेही बसवा' या चौकटीत टिक आधीच मारून ठेवलेली असणं, 'नको' हे फिकट राखाडी अक्षरात असणं, हे सगळं घाईतल्या माणसाने पुढे दाबत जावं म्हणूनच मांडलेलं असतं. यात तुमचा दोष नाही.

आणि हे फक्त छोटे-मोठे भुरटे करतात असंही नाही. आपल्याकडे ई-टेंडर भरणाऱ्यांना डिजिटल सहीसाठी जावा नावाचं सॉफ्टवेअर लागायचंच, त्यांना आठवत असेल, जावाच्या सुरक्षेच्या अपडेटसोबत कितीतरी वर्षं आस्क टूलबार (ब्राउझरमध्ये बसणारी सर्चची पट्टी) यायचा, टिक आधीच मारलेली, आणि तो लगेच बसायचा नाही तर जावाचं काम झाल्यावर दहा मिनिटं थांबून मग बसायचा, म्हणजे लगेच जाऊन काढायला पाहिलं तर यादीत नावच नाही. सुरक्षेच्या अपडेटमध्ये असला प्रकार करणं मला आजही माफ करण्यासारखं वाटत नाही. अ‍ॅपलनेही मार्च २००८ मध्ये विंडोजवर आयट्यून्स वापरणाऱ्यांना अपडेटच्या यादीत सफारी ब्राउझर टिक मारून दिला होता, ज्यांच्याकडे तो कधी नव्हताच त्यांनाही. तेव्हाचे मोझिलाचे (फायरफॉक्स ब्राउझरवाले) प्रमुख जॉन लिली यांनी उघड लिहिलं की याने लोकांचा अपडेटवरचा भरवसाच जाईल, आणि पुढच्या महिन्यात अ‍ॅपलला अपडेट वेगळं आणि नवीन सॉफ्टवेअर वेगळं असं दाखवावं लागलं.

तुमचं काम असं करा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, मग इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स, तिथे यादी तारखेप्रमाणे लावा, अपडेट केलं त्या दिवशीचं आणि दुसऱ्या दिवशीचं जे अनोळखी दिसेल ते अनइन्स्टॉल करा, नाव ओळखीचं वाटत नसेल तर आधी नेटवर पाहून घ्या कारण प्रिंटरचा ड्रायव्हर उडवला तर वेगळाच ताप. मग ब्राउझरचे एक्स्टेन्शन (त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम) तपासा, क्रोम असेल तर सेटिंग्जमध्ये रिसेट आहे, त्याने सर्च पेज जागेवर येतं आणि बुकमार्क-पासवर्ड जात नाहीत. 'धोक्यात आहे' हा मेसेज तरी येत राहिला तर तो कदाचित अँटिव्हायरस नसून कुठल्यातरी साइटचं नोटिफिकेशन असेल, क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन ती परवानगी काढा. पैसे मात्र भरू नका. शेवटी विंडोज सिक्युरिटीत अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल, त्यात रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन, तिथे पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग (असले नकोसे प्रोग्राम अडवणं) चालू आहे का पाहा. यापुढे इन्स्टॉल करताना कस्टम किंवा अ‍ॅडव्हान्स्ड विचारलं तर तेच निवडायचं, एक्स्प्रेस नाही, त्या टिक बहुतेक तिथेच लपवलेल्या असतात.

प्रश्न : महालमध्ये माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पोरं येतात, कुठल्या कुठल्या साइट उघडतात, 'फ्लॅश प्लेअर अपडेट करा' आलं की दाबून मोकळे होतात आणि कॉम्प्युटर पार बसून जातो. काऊन होते असं? रोज रोज किती साफ करायचं?
— एक दुकानदार, महाल

उत्तर : भाऊ, अ‍ॅडोबीने फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये व्हिडिओ-गेम चालवणारा जोडप्रोग्राम, ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो चालणंही थांबवलं, त्यामुळे आता फ्लॅशचं अपडेट मागणारी प्रत्येक खिडकी खोटी, हे मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लावा. (फ्लॅश जिवंत होता तेव्हाही त्याच्या डाउनलोडसोबत मॅकअफीचा स्कॅनर टिक मारून यायचाच.)

गिऱ्हाईकांसाठी विंडोजमध्ये वेगळं स्टँडर्ड अकाउंट काढा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा, मग बहुतेक प्रोग्राम बसायच्या आधी तुम्हाला विचारावं लागेल. तुमच्या कामाचे नेहमीचे प्रोग्राम निनाइट नावाच्या साइटवरून घ्या, तिथे हवे ते निवडून एकच फाइल डाउनलोड करायची, टूलबार वगैरेला ते स्वतःच नाही म्हणतं आणि तीच फाइल परत चालवली की सगळे अपडेट होतात. सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात म्हणून येणाऱ्या डाउनलोडच्या लिंक टाळा, बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्या. सोर्सफोर्जसारख्या फुकट सॉफ्टवेअरच्या नावाजलेल्या साइटनेही २०१३ पासून डाउनलोडला जाहिरातींचं सामान जोडायला सुरुवात केली होती, फोटो एडिट करायचा गिम्प प्रोग्राम बनवणारे त्यावरून तिथून निघून गेले, आणि २०१६ मध्ये मालक बदलल्यावर ते थांबलं.

प्रश्न : हे कायद्याने चालतं का? तक्रार कुठे करायची?
— एक विद्यार्थी, लॉ कॉलेज चौक

उत्तर : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध (म्हणजे माणूस फसावा अशी स्क्रीनची मांडणी) मार्गदर्शक नियम काढलेत, त्यात १३ प्रकार दिलेत. बास्केट स्नीकिंग म्हणजे बिलात न विचारता वस्तू घालणं, ते पैसे लागतात तिथे लागू पडतं, फुकट प्रोग्रामला नीट बसत नाही. पण 'नको' चं बटण लपवून 'हो' ठळक करणं हे माझ्या मते इंटरफेस इंटरफिअरन्समध्ये (मांडणीतूनच दिशाभूल करणं) सरळ बसतं, आणि भारतात माल किंवा सेवा देणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना हे नियम लागू आहेत, त्यामुळे कंपनी बाहेरची आहे म्हणून गप्प बसायचं कारण नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. खोट्या मेसेजला फसून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. तक्रारीला पुरावा लागतो, म्हणून टिक मारलेली ती खिडकी समोर असतानाच तिचा स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि प्रोग्रामचा व्हर्जन नंबर लिहून ठेवा, पुढच्या व्हर्जनमध्ये ती खिडकी असेलच असं नाही.