खुर्च्यांच्या बैठका आणि उरलेला प्लाय

प्रश्न : सासऱ्यांच्या वेळच्या सहा सागवानी डायनिंग खुर्च्या आहेत. सांगाडे दणकट, पण बैठका मधोमध खचल्यात आणि फोमचा भुगा खाली सांडतो. स्वयंपाकघराच्या कामातून १२ आणि १८ मिलिमीटर प्लायचे तुकडे उरलेत, काहींना एका अंगाला सनमायका आहे. सुतार म्हणतात, नवी शीट आणा. तुकडे चालतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चालतील, ताई. दीड फुटी चौकोनी बैठक धरली तरी सहा मिळून साडेतेरा चौरस फूट होतात, आणि आठ बाय चारची शीट असते बत्तीस चौरस फुटांची. कशाला आणायची?

१२चे तुकडे घ्या. १८चा प्लाय जड होतो आणि खाचेत बसवलेली बैठक वर उचलली जाते. तुकडा निवडताना बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून पाहा. एखाद्या जागी आवाज बद्द आला, तर आत पापुद्रे सुटलेत. तो बाजूला ठेवा. दोन तुकडे जोडून एक बैठक मात्र करू नका. माणसाचं सगळं वजन नेमकं त्या सांध्यावर येतं.

जुनी बैठक खालचे स्क्रू काढले की निघते. काढतानाच खुर्चीवर आणि बैठकीवर पेन्सिलीने एकच नंबर घाला, कारण हाताने केलेल्या सहा खुर्च्या कधी तंतोतंत सारख्या नसतात. मग जुनी बैठक फर्मा म्हणून ठेवून आखा. नवं कापड जुन्यापेक्षा जाड असेल, तर चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर आत कापा. सुरुवातीच्या काळात मी हे विसरलो होतो. रेक्झिन चढवल्यावर बैठक जाईना, म्हणून हातोडीने ठोकली आणि मागच्या पायाचा सांधा उकलला. एका आजोबांची खुर्ची होती ती. अजून डोळ्यांसमोर आहे.

सनमायकाची बाजू वर, फोमकडे ठेवा. पॉलिश पेपरने ती खरवडली की फोम चिकटवायचं सोल्यूशन नीट धरतं. खालचा प्लाय उघडा राहिला की स्टेपलरच्या पिना त्यात पक्क्या घुसतात. हवा जायला पाच-सहा भोकं पाडा, नाहीतर बसताना रेक्झिन फुगतं. फोम ४० डेन्सिटीचा, दोन इंची घ्या.

आणि पुढची कड कानशीने गोल करायला विसरू नका. मांडीखाली कापड फाटतं ते तिथेच.