ते बेंचवरचे काका चटोर नाहीत, भाऊ

"ताई, नमस्कार. वय ४७, त्रिमूर्ती नगरला राहतो. मागच्या मे महिन्यात शुगर निघाली, टाइप टू, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ८.६. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड अन् मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी दिली. बायको दर घासाला ताटात डोकावते, मित्र तर्री-पोहे खायला बोलावतात अन् मग 'याला नका देऊ रे' म्हणून हसतात. मी मात्र नियमानं वागतो. सकाळी उठलो की गोळी, मग अंबाझरीला तासभर फिरणं, मग घरी येऊन नाश्ता. तिथं एक काका दिसतात, शुगरवालेच आहेत म्हणे, पण फिरता फिरता मधातच बेंचवर बसतात, खिशातून चार-पाच संत्रागोळ्या काढून कडकड चावून खातात अन् घड्याळ बघत बसतात. असे लोक पाहिले की वाटतं आपण तरी बरे. डिसेंबरात मलाही दोनदा फिरताना घाम फुटला, हात थरथरले, ऊन लागलं असेल. ते जाऊ द्या. मला समजून घेणारा, माझ्यासारखा एकही माणूस नाही. असे लोक नागपुरात कुठं भेटतील?"
– एकटा पडलेला

भाऊ, तुमची चिठ्ठी चार पानांची होती, मी वर एवढीशी करून दिली. त्यातली अडीच पानं वहिनींवर आहेत. त्या अडीच पानांवर मी आज एक अक्षर बोलणार नाही. मी त्या काकांवर बोलणार आहे, ज्यांना तुम्ही जेमतेम दोन ओळी दिल्या अन् त्याही नाक मुरडून.

मला सांगा, चटोरा माणूस संत्रागोळी कशी खातो? एक काढतो, गालात ठेवतो, चघळत चघळत चार लोकांची निंदा करतो. चार-पाच गोळ्या एकदम तोंडात टाकून कडकड चावून कोणी खातं का बाप्पा? अन् गोड खाऊन झाल्यावर घड्याळ कोण बघतं? मी त्या काकांना ओळखत नाही, पण पैज लावायला तयार आहे की त्यांची शुगर खाली गेली असणार. ७० च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम साखर पोटात जायला पाहिजे, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात घालून नाहीतर अशा चार-पाच गोळ्या, मग १५ मिनिटं गपचूप बसायचं, पुन्हा तपासायचं, तरी ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच घ्यायचं. चावून यासाठी की चघळत बसलं तर साखर उशिरा पोचते. अन् पेढा किंवा चॉकलेट का नाही, तर त्यातल्या तुपा-मलईमुळं साखर रक्तात जायला वेळ लागतो. म्हणजे ज्या माणसाला पाहून तुम्ही रोज 'आपण तरी बरे' म्हणून राहिले, तो माणूस तुमच्या डोळ्यांसमोर बसून शुगर कशी सांभाळायची ते करून दाखवत होता, फुकटात. अन् तुम्ही त्याच्यासमोरून ताठ मानेनं राऊंड मारून राहिले.

आता तुमच्या उन्हाकडं येऊ. नागपुरात, डिसेंबरात, सकाळी सकाळी ऊन लागलं? लोक कानटोपी घालून शेकोटीजवळ बसतात त्या वेळी? मे महिन्यातलं असतं तर मी मानलं असतं हो. भाऊ, तुमच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. मेटफॉर्मिन एकटं असलं तर शुगर फारशी खाली पाडत नाही, पण ग्लिमेपिराइड पाडू शकतं, ते पोटात काही असो नसो स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं, म्हणूनच ते नाश्त्यासोबत घ्यायचं असतं. तुम्ही काय करता, रात्रभराच्या उपाशी पोटी गोळी घेता, वरून तासभर तरातरा चालता, अन् मग घरी येऊन पोहे. घाम, थरथर, हे त्याचंच असणार. त्या बेंचवर तुमचीही जागा आहे, फक्त तुमच्या खिशात गोळ्या नाहीत. हे वाचून झालं की डॉक्टरांना फोन करून दोन्ही वेळचं जसंच्या तसं सांगा अन् गोळीची वेळ विचारून घ्या, मनानं बंद करू नका. याला सल्ला म्हणत नाहीत, हे करायचंच आहे. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलंही असेल म्हणा, पण रिपोर्ट हातात पडतो त्या दिवशी आपल्या कानात दुसरंच काही वाजत असतं, माझ्या तरी वाजत होतं.

हो, मलाही आहे, अकरा वर्षं झाली. अन् मीही तुमच्यासारखीच होते, म्हणजे शुगर असलेले बाकीचे सगळे आळशी, जिभेचे गुलाम, अन् मी तेवढी बिचारी, नशिबानं सापडलेली. धंतोलीतल्या एका लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त दिलं की नाश्ता करून दोन तास पुन्हा थांबावं लागतं ना पीपीसाठी, म्हणजे खाल्ल्यानंतरच्या शुगरसाठी, तर मी ते दोन तास पुस्तकात तोंड खुपसून काढायची, कोणी बोलू नये म्हणून. एक दिवस चष्मा घरी राहिला. बाजूला एक भाजीवाली बाई बसलेली, सदरहून आलेली. काही बोलायचं म्हणून मी तिच्याजवळ रडगाणं सुरू केलं, की घरच्या मशीनवर काल २६० आली अन् मी रात्रभर झोपले नाही. तिनं विचारलं, "संत्रं सोललं होतं का जी त्याआधी?" सोललं होतं, जानेवारी महिना, नागपुरात संत्रं कोण सोलत नाही? ती म्हणे, हात धुवून पाहा, फळाची साखर बोटाला राहते अन् मशीन तीच मोजतं. घरी गेले, पुन्हा संत्रं सोललं, मुद्दाम, अन् एकदा तशीच अन् एकदा साबणानं हात धुवून तपासली. पहिली आली २४०, दुसरी १४६. एवढी मोठी शिकलेली मी, अन् हे मला त्या बाईनं सांगितलं. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं, हेही तिचंच. आम्ही नंतर दर तीन महिन्यांनी एकाच दिवशी रक्त द्यायला यायचो, ठरवून. ती माझ्यावर ओरडायची, मी तिच्यावर. तिचं नाव मला तिसऱ्या भेटीत कळलं, आकडे पहिल्याच भेटीत.

म्हणून तुमच्या "कुठं भेटतील"चा मला राग आला. २०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा अभ्यास आला, त्यात देशात १० कोटींच्या वर मधुमेही निघाले. तुमच्या ऑफिसात आहेत, तुमच्या फ्लॅट स्कीममध्ये आहेत, तुम्हाला हसणाऱ्या त्या तर्री-पोहेवाल्या मित्रांत एखादा असेल अन् त्यानं तपासलंच नसेल. माणसांची कमी नाहीये. तुम्हाला माणूस पाहिजे, पण तो तुमच्यापेक्षा बरा वागणारा नको, वाईट वागणाराही नको, तुमच्यासारखाच दुखावलेला पाहिजे अन् त्यानं स्वतः चालत तुमच्याकडं यायला पाहिजे. असा नाही येत कोणी. पोळ्याच्या पाडव्याला मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हा आपण ओरडतो ना, इडा-पिडा घेऊन जा गे मारबत, तशी ही काही जाणारी पिडा नाही, हिच्याबरोबर राहायचं आहे, अन् ज्याला राहून दहा-पंधरा वर्षं झाली त्याच्याजवळ बसल्याशिवाय ते जमत नाही.

तर उद्या सकाळी, आधी डॉक्टरांशी बोलून गोळी अन् नाश्त्याचं नीट लावून घेतल्यावरच, अंबाझरीला जा अन् त्या बेंचवर बसा. ते बसलेले असताना. फिरणं राहिलं तर राहू द्या. अन् एवढंच म्हणा, "काका, मलाही शुगर आहे, आठ महिने झाले." पुढचं काही पाठ करून जाऊ नका. कारल्याचा रस सांगू नका, मेथीदाणा सांगू नका, "तुम्ही गोड काऊन खाता" हे तर चुकूनही नाही. गप्प बसले तर तुम्हीही गप्प बसा, शुगर खाली गेलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटं बोलवत नाही, चिडचिडही होते, त्यात तुमचा अपमान शोधू नका. ते घड्याळ बघतील, तुम्हीही बघा. पंधरा मिनिटं झाली की बोलतील.

अन् माझाच अंदाज चुकला, तो काका खरंच चटोरा निघाला तर? निघू द्या. तेवढी पंधरा मिनिटं तरी तुम्ही कोणाजवळ बसले.

अन् जाताना पानठेल्यावरून आपल्या संत्रागोळ्या आपण घेऊन जा, रोजच न्या. त्यांच्यातल्या मागू नका, त्या मोजून ठेवलेल्या असतात.