ऑफिसचं काम वेळेवर होतं, मग घरचीच कामं का रखडतात? ही चालढकल कशी थांबवावी?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात एकही काम मागे राहत नाही, पण लायसन्सचं नूतनीकरण, दाताच्या डॉक्टरकडे जाणं आणि गच्चीवरचा कूलर खाली आणणं ही तीन कामं कित्येक महिने नुसती डोक्यात फिरताहेत. आणि मग विचारलंय, मी आळशी आहे का?

नाही. आळशी माणूस ऑफिसातही आळशीच असतो.

मी इथेच, नागपुरात धरमपेठेत, लोकांचे आयकर रिटर्न भरून देते. त्यामुळे चालढकल करणारी माणसं रोज समोर बसलेली असतात. "वेळच मिळत नाही न ताई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. २०२५ मध्ये फॉर्म बदलले म्हणून ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली. चांगला दीड महिना जास्तीचा मिळाला. तरी शेवटच्या दिवशी पोर्टलवर झुंबड उडालीच आणि आणखी एक दिवस वाढवून द्यावा लागला. उशीर झाला तर ५ हजार रुपये लागतात (उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजार) हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणजे वेळ होता, दंडाची भीतीही होती, तरी काम अडलेलंच.

मग अडतं कुठे? एक गृहस्थ मे महिन्यापासून "पाहून राहिलो ना" म्हणत होते. फॉर्म १६, बँकेचे व्याजाचे दाखले, सगळं फाइलमध्ये नीट लावलेलं. खोदून विचारलं तेव्हा कळलं की आधारला जोडलेला त्यांचा मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला. ओटीपी येणार नाही, म्हणजे आधी आधार केंद्रावर जाऊन रांगेत उभं राहावं लागणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना रिटर्नचा कंटाळा नव्हताच, त्या रांगेचा होता. पण मनात नाव मात्र "रिटर्न"चं लागलेलं. नंबर बदलून आल्यावर रिटर्न एका बैठकीत झाला.

माझं सगळं उत्तर एवढंच आहे: आपण अख्खं काम टाळत नसतो, त्यातला एखादाच नकोसा तुकडा टाळत असतो. आणि तो कोणता, हे स्वतःला नीट विचारलेलंही नसतं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल आणि त्यांच्या सहकारी संशोधक फ्युशिया सिरॉइस यांनी २०१३ मध्ये हेच मांडलं, की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा घोळ नसून नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका करून घेण्याचा प्रकार आहे. "उद्या करू" म्हटल्याबरोबर जे हायसं वाटतं ना, त्याचीच चटक लागते.

तुमच्या कूलरचंच बघा. पत्र्याचं ते धूड खाली आणायला दोन माणसं लागतात. टाकीच्या तळाशी क्षारांचा पांढरा थर बसलेला असतो, तो खरवडायचा. बाजूंच्या जुन्या गवती ताट्या उचकटल्या की घरभर कचरा. नव्या वाळ्याच्या घ्यायच्या की साध्या, ते ठरवायचं. पंप लावून पाहायचा, आणि तो बंद निघाला तर मिस्त्री शोधायचा, जो एप्रिलात फोन उचलत नाही. यातलं तुम्हाला नेमकं काय नको वाटतं? एकट्या राहणाऱ्यांचं घोडं बहुतेक पहिल्याच गोष्टीवर अडतं, शेजाऱ्याला "जरा हात लावता का" म्हणायच्या संकोचावर. तसं असेल तर तुमच्या यादीतून "कूलर" खोडा आणि "शेजारच्या काकांना विचारणे" लिहा. ते दोन मिनिटांचं काम आहे. बाकीचं ओघाने होतं, कारण कूलर एकदा खोलीच्या मधोमध येऊन बसला की त्याला ओलांडून किती दिवस जाणार?

तुकडा सापडला की त्याला वेळ आणि जागा बांधून द्या. "या आठवड्यात विचारीन" असं नको. "शनिवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो की काकांची बेल वाजवीन" असं हवं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये याच "अमुक झालं की तमुक करीन" पद्धतीवर लिहिलं होतं. नुसत्या निश्चयापेक्षा ती जास्त चालते. कामांच्या याद्यांची ॲप मात्र घेऊ नका. कोणतं ॲप चांगलं हे शोधण्यातच रविवार जातो, आणि आपण काहीतरी केलं असं वर वाटतं.

आता ऑफिसातच का जमतं? तिथे तारीख दुसऱ्याने दिलेली असते आणि विचारणारं कुणीतरी असतं. २००२ मध्ये डॅन एरिली आणि क्लाउस वर्टेनब्रॉख यांनी एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. तीन निबंध द्यायचे होते. एका वर्गाला ठराविक अंतराच्या तारखा दिल्या, दुसऱ्याला आपापल्या ठरवायला सांगितल्या. दिलेल्या तारखांच्या वर्गाला गुण जास्त पडले. तेव्हा घरच्या कामांसाठीही एखादा विचारणारा माणूस नेमा. बहीण, मित्र, कुणीही. फक्त टोमणे मारणारा नको. दाताचं तर असंच करा: तुमच्या वतीने बहिणीलाच अपॉइंटमेंट घ्यायला सांगा. डॉक्टर "इतके दिवस काय करत होता?" म्हणतील याचीच धास्ती असते बहुतेकांना. ते म्हणतात, आणि लगेच कामाला लागतात.

मागच्या दिरंगाईबद्दल स्वतःला कोसत बसणंही थांबवा. कोसण्याने ते काम आणखी नकोसं होतं, बाकी काही नाही. मात्र ऑफिसचंही जमेनासं झालं, झोप उडाली, आंघोळ-जेवणही जड वाटायला लागलं, तर हे सगळे उपाय बाजूला ठेवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. चोवीस तास चालू असतो आणि पैसे लागत नाहीत.

तिन्ही कामांत पहिलं लायसन्स. आज पाकिटातून काढून त्याची तारीख बघा. मुदत संपून वर्ष झालं नसेल तर परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करून नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की पुन्हा गाडी चालवून दाखवायची परीक्षा, आणि मुदत संपल्यावर तसंच गाडी चालवत असाल तर तेही बंद करा. दात त्यानंतर. कूलरला अजून थोडे दिवस आहेत, पण पारा चाळिशीला टेकायच्या आत ताट्या आणा. नंतर दुकानदार सांगेल तो भाव.